क्षयरोग, मिशनरी आणि आपली विहारे

"मिशनरी वस्तीत येतात, खोकल्याच्या गोळ्या देतात आणि गोळीबरोबर गळ्यात क्रूस अडकवतात. त्यांना पाय ठेवू देऊ नका." अशा अर्थाचे मेसेज तुमच्याही मोबाईलवर आले असतील. ते कोण लिहितो आणि कशासाठी लिहितो, हे या लेखाच्या वाचकांना सांगायची गरज नाही. आम्हाला दुःख वेगळ्या गोष्टीचे आहे. हे मेसेज आता आपली मुलेही पुढे पाठवू लागली आहेत, आणि खाली 'जयभीम' लिहून पाठवतात. तुर्भे, दिघा, रबाळे भागातल्या वस्त्यांमध्ये फिरताना आपल्याच तरुणांनी आम्हाला अनेकदा विचारले आहे, "या ख्रिश्चन लोकांना आपल्या वस्तीत काम करू द्यायचे की नाही?"

आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो. करू द्यायचे. त्यांच्या वाटेत उभे राहायचे नाही, आणि कोणी उभा राहिला तर त्याला बाजूला करायचे. पण एवढ्यावर प्रश्न संपत नाही. खरा प्रश्न त्याच्या पुढे आहे. आपल्या वस्तीतला खोकणारा माणूस शोधायला केरळची एखादी नन किंवा एखादा पास्टर येतो, तेव्हा शेजारच्या विहाराला कुलूप का असते?

आजार कोणाच्या घरी जातो

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख याने २४ मार्च १८८२ रोजी जगासमोर मांडला. जंतू हवेतून पसरतो, तो जात विचारत नाही, हे शाळेत शिकवतात. ते अर्धेच खरे आहे. जंतू अनेकांच्या शरीरात शिरतो, पण त्यातल्या थोड्यांनाच आजार होतो. कोणाला होईल हे बऱ्याच अंशी खोली, ताट आणि काम ठरवते. आणि या देशात खोली, ताट आणि काम कोण ठरवते, हे आपल्याला वेगळे शिकावे लागत नाही.

नवी मुंबई हे नियोजित शहर म्हणून मिरवते. १९७० साली सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या, १ जानेवारी १९९२ रोजी महापालिका आली. पाम बीच रोडवरून जाणाऱ्याला दिसते ती नवी मुंबई वेगळी. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याच्या मागे डोंगराला लागून जी वस्ती वर चढत गेली आहे, ती कोणत्याच नियोजनात नव्हती. नांदेड, परभणी, जालना, लातूर, सोलापूर इथून दुष्काळाने उठवलेली माणसे तिथे आली. मग उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, बंगाल आणि नेपाळहून आली. कोणी केमिकल कंपनीत कंत्राटावर, कोणी एपीएमसी मार्केटमध्ये गोणी उचलायला, कोणी कचऱ्याच्या गाडीवर, कोणी इमारतींच्या सळ्या बांधायला. पारसिकच्या डोंगरातल्या दगडखाणींनी हे शहर बांधायला खडी दिली आणि खाणीतल्या वडार मजुरांच्या फुप्फुसात दगडाची भुकटी भरली. अशा भुकटीने झिजलेल्या फुप्फुसाला क्षय लवकर धरतो, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच सिद्ध केले आहे.

दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, एक दार, खिडकी नाही, आत सहा माणसे. त्यातला एक खोकतो. या खोलीत जंतू राहणार नाही तर कुठे राहील?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे आदल्या वर्षी जगात क्षयाचे जेवढे नवे रुग्ण झाले, त्यातले २६ टक्के एकट्या भारतात होते. म्हणजे सुमारे २८ लाख माणसे. वर्षाला तीन लाखांहून अधिक मृत्यू. ज्या आजाराचे औषध आहे, जे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, त्या आजाराने एवढी माणसे मरतात. २०२५ पर्यंत देश क्षयमुक्त करण्याची घोषणा झाली होती. घोषणेचे वर्ष आले आणि वस्तीतला खोकला जिथल्या तिथे आहे.

औषध असून माणूस का मरतो? कारण साधा क्षय बरा व्हायला सहा महिने लागतात. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन औषधे, रोज. गोळ्या सुरू झाल्या की लघवी नारिंगी होते, मळमळते, भूक लागते आणि घरात खायला नसते. दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, ताप जातो, माणसाला वाटते आपण बरे झालो. तेवढ्यात पेरणी येते, गावी लग्न निघते, ठेकेदार कामाची जागा बदलतो, घरमालक खोली खाली करायला सांगतो. माणूस जातो. औषध तुटते. जंतू मेलेला नसतो, तो फक्त दबलेला असतो, आणि पुन्हा उठतो तेव्हा जुन्या औषधाला दाद देत नाही. २०१२ च्या सुरुवातीला मुंबईतल्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कोणत्याच उपलब्ध औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाचे रुग्ण नोंदवले, तेव्हा जगभर खळबळ उडाली. तो जंतू आकाशातून पडला नव्हता. तुटलेल्या औषधांतून, चुकीच्या औषधांतून तो तयार होतो.

म्हणून स्थलांतरिताच्या क्षयाला गोळीइतकीच दुसऱ्या एका गोष्टीची गरज असते. सहा महिने त्याच्या मागे राहणारा माणूस. कामावरून आल्यावर दार वाजवणारा, गोळी घेतली का विचारणारा, गावी निघाला तर तिथल्या दवाखान्यात नोंद हलवून देणारा. हा माणूस कोण, हाच या लेखाचा विषय आहे.

मिशनऱ्यांनी काय केले

आपल्याला आवडो वा न आवडो, हिंदुस्थानात क्षयरोग्याला हात लावण्याची सुरुवात बऱ्याच अंशी ख्रिस्ती मिशनांनी केली. राजस्थानात अजमेरजवळ तिलोनिया इथे १९०६ साली मिशनने क्षयरोग्यांसाठी मोकळ्या हवेचे आरोग्यधाम काढले. (त्याच सोडून दिलेल्या जागेत १९७२ नंतर आजचे प्रसिद्ध बेअरफूट कॉलेज उभे राहिले.) १९०८ साली अल्मोड्याला दुसरे निघाले. आंध्रात मदनपल्लीजवळ अनेक मिशनांनी मिळून आरोग्यवरम उभारले, तिथे डेन्मार्कहून आलेले डॉ. फ्रिमोट-मोलर यांनी आयुष्य घातले. आपल्या महाराष्ट्रात डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली आले, १८९४ साली मिरजेला रुग्णालय सुरू झाले आणि पुढे सांगली-मिरजेच्या मध्ये क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. त्या जागेला लोक आजही वानलेसवाडी म्हणतात.

त्या काळात क्षयावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४० चे दशक उजाडावे लागले. मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी आणि शुश्रूषा, एवढेच उपचार. म्हणजे बरे होण्याची खात्री नसताना थुंकीचे भांडे उचलायचे. ज्या समाजात सावलीचा विटाळ होता, त्या समाजात परक्या मुलखातून आलेल्या बाया-पुरुषांनी हे काम केले. हे मान्य करायला आपल्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. उपकार मानणे वेगळे आणि सत्य मान्य करणे वेगळे. आम्ही सत्य मान्य करा म्हणतो.

आज नवी मुंबईतल्या बहुसंख्य क्षयरोग्यांवर उपचार होतात ते महापालिकेच्या दवाखान्यातून, सरकारी कार्यक्रमातून. मिशनचे काम त्या मानाने छोटे आहे. पण सरकारी यंत्रणा जिथे थांबते तिथे ते सुरू होते. रस्त्यावर पडलेला, नाव न सांगू शकणारा, नातेवाईक नसलेला माणूस कोणत्याच रजिस्टरमध्ये बसत नाही. पनवेलजवळच्या वांगणी गावातला पास्टर के. एम. फिलिप यांचा सील आश्रम अशाच माणसांना स्टेशनवरून, पुलाखालून उचलून आणतो. त्यांच्या धर्मश्रद्धेशी आमचे काही देणेघेणे नाही. पण त्या माणसाला उचलताना त्यांनी जात विचारली नाही, एवढे आम्हाला पुरे आहे.

'आमिष' हा शब्द आपल्यावरही उलटतो

आता आरोपाकडे येऊ. मिशनरी सेवेच्या नावाखाली धर्मांतर करतात. हा आरोप नवा नाही. १९३१ साली गांधीजींनीच म्हटले होते की, रुग्णालये आणि शाळा धर्मांतरासाठी वापरायच्या असतील तर मिशनऱ्यांनी निघून जावे. बाबासाहेबांनी गांधीजींचा हा विरोध मान्य केला नाही. माणूस आपल्या धर्मातल्या अपमानाला कंटाळून दुसरा धर्म शोधतो तेव्हा त्याला फसवला गेला असे म्हणणे, म्हणजे त्याला बुद्धीच नाही असे म्हणणे. गरीब माणूस एका गोळीत विकला जातो, हे गृहीत धरणारी दृष्टी मूळची सवर्ण आहे. ती आपण उचलायची?

जरा आठवा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी धर्म बदलला. आपण स्वतः धर्मांतरितांची मुले आहोत. त्या वेळीही म्हटले गेले होते की अडाणी लोक पुढाऱ्यामागे गेले. आज ज्या राज्यांत धर्मांतरविरोधी कायदे आहेत, त्यांत 'आमिष' या शब्दाची व्याख्या इतकी सैल आहे की फुकट शिक्षण, औषध, चांगल्या आयुष्याचे आश्वासन, काहीही त्यात कोंबता येते. समतेचे आश्वासन हेही आमिष ठरू शकेल. ही कल्पना नाही. एप्रिल २०२४ मध्ये गुजरात सरकारने परिपत्रक काढले की बौद्ध धम्म स्वीकारण्यासाठीसुद्धा जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागेल. जो फास ख्रिश्चनांसाठी विणला जातो असे तुम्हाला वाटते, त्यात आपली मान आधीच अडकलेली आहे.

आणखी एक गोष्ट. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ साली शिखांना मिळाला. आपल्याला, म्हणजे बौद्धांना, १९९० मध्ये मिळाला. मधली ३४ वर्षे आपल्या आई-बापांनी केंद्राच्या सवलतींविना काढली. दलित ख्रिश्चन आजही त्या रांगेत उभे आहेत. वस्तीत येणारी नर्स, आश्रमात जेवण वाढणारा मुलगा, यांतले कितीतरी जण आपल्याच वाड्यांतून गेलेले आहेत. त्यांच्याविरुद्धचा मेसेज पुढे पाठवताना आपण कोणाच्या तोंडाने बोलतो, याचा विचार करा.

संविधानाच्या कलम २५ ने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. आपण विहारात वंदना घेतो, धम्मपरिषदा भरवतो, तो याच कलमाच्या आधारे. आपल्याला हवे तेवढे कलम ठेवून बाकीचे फाडता येत नाही.

बाबासाहेबांची टीका आणि बाबासाहेबांचा सल्ला

म्हणजे मिशनऱ्यांवर टीकाच करायची नाही का? जरूर करायची. पण ती बाबासाहेबांची असावी, संघाची नको.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना मिशनांना फार कडक प्रश्न विचारले आहेत. मिशनांनी शिक्षणावर आणि रुग्णालयांवर जो अफाट पैसा ओतला, त्याचा फायदा बव्हंशी उच्चवर्णीय हिंदूंनी घेतला, गरीब ख्रिस्ती बांधवाच्या वाट्याला तो आला नाही, हे त्यांनी स्पष्ट नोंदवले. धर्म बदलला तरी चर्चमध्ये जात शिल्लक राहिली, आणि मिशनने तिच्याशी पुरेसा झगडा केला नाही, हेही सांगितले. ही टीका आजही लागू पडते. आजारी माणसाला बरे करायचे, पण तो आजारी का पडला हे विचारायचे नाही, ही दयेची मर्यादा आहे. खाणीतल्या मजुराच्या फुप्फुसाला औषध द्यायचे आणि खाणमालकाविरुद्ध बोलायचे नाही, याने पुढच्या वर्षी दुसरा मजूर खाटेवर येतो.

दुसरी टीका आमची स्वतःची आहे. औषध आणि प्रार्थना एकत्र बांधता कामा नयेत. कोणी प्रार्थनेला बसला नाही म्हणून त्याची गोळी थांबली, किंवा गोळी सोडून केवळ प्रार्थनेने बरा होशील असे कोणी सांगितले, तर तो गुन्हा आहे आणि त्याविरुद्ध आम्ही सर्वांत पुढे उभे राहू. 'चंगाई'च्या सभेत गोळ्या बंद करायला सांगणारा माणूस आणि सहा महिने गोळी भरवणारी नर्स, हे दोघे एकच नव्हेत. पहिला जीव घेतो, दुसरी वाचवते. आपल्याकडच्या बुवा-बाबांना आणि अंगारा देणाऱ्यांनाही हाच नियम लावा. मग कोणाला विरोध करायचा ते आपोआप कळेल.

पण बाबासाहेब टीकेवर थांबले नाहीत. १९५० साली कलकत्त्याच्या महाबोधी सोसायटीच्या मासिकात त्यांनी बुद्ध आणि त्याच्या धम्माचे भवितव्य या विषयावर लेख लिहिला. त्यात त्यांनी भिक्खूसंघाला जे सांगितले, ते आपण सोयीस्कर विसरलो आहोत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मानवसेवा म्हटली की लोकांना रामकृष्ण मिशन आठवते, बौद्ध संघ आठवत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. भिक्खू संख्येने कमी चालतील, पण ते शिकलेले हवेत. आणि संघाने ख्रिस्ती धर्मगुरूंचे, विशेषतः जेझुइटांचे, काही गुण उचलावेत, कारण आशियात ख्रिस्ती धर्म पसरला तो शिक्षण आणि वैद्यकीय सेवेच्या जोरावर.

दीक्षेच्या सहा वर्षे आधी हे लिहिलेले आहे. म्हणजे धम्म स्वीकारण्यापूर्वीच बाबासाहेबांना ठाऊक होते की सेवेविना धम्म फक्त विहारातल्या मूर्तीपुरता उरेल. ज्यांच्याकडून शिका असे बाबासाहेबांनी सांगितले, त्यांना वस्तीतून हाकला असे आपण म्हणतो. कोणाचे अनुयायी आहोत आपण?

थुंकी उचलणारा तो उपस्थायक

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता, आपल्याच घाणीत पडलेला होता. कोणी जवळ जात नव्हते. तथागत आनंदासह तिथे आले, त्यांनी स्वतः पाणी ओतून त्याला धुतले, उचलून खाटेवर निजवले. मग संघाला बोलावून विचारले, याची सेवा का केली नाही? उत्तर आले, तो संघाच्या काही उपयोगाचा नव्हता म्हणून. तेव्हा तथागतांनी सांगितले की तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, तुम्ही एकमेकांना सांभाळले नाही तर कोण सांभाळणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

हा प्रसंग आपल्याकडे प्रवचनात सांगतात. त्याच्या पुढचा भाग मात्र कोणी सांगत नाही. चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण तथागतांनी तिथेच दिले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. पथ्य काय, कुपथ्य काय, ते कळावे. मैत्रीच्या भावनेने सेवा करावी, कसल्या लाभासाठी करू नये. मल, मूत्र, थुंकी, वांती उचलताना किळस वाटू नये. आणि आजाऱ्याला धीर देता यावा. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या यादीत थुंकी आहे. क्षयरोग्याच्या शुश्रूषेचा याहून नेमका नियम कुठे सापडणार?

या यादीतला तिसरा गुण मिशनऱ्यांनाही लावा आणि स्वतःलाही लावा. लाभासाठी सेवा करू नये. अनुयायी वाढावेत म्हणून सेवा, फोटो यावा म्हणून सेवा, नगरसेवकपदाचे तिकीट मिळावे म्हणून सेवा, हे सगळे एकाच मापाने नापास.

आणि आपल्याला परंपरा नाही असेही नाही. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्या औषधोपचाराची व्यवस्था सांगितली आहे, ती आपल्या राज्यापुरती नव्हे, तर शेजारच्या चोल-पांड्यांपासून ग्रीक राजांच्या मुलखापर्यंत. परक्याला औषध द्यायचे नाही असे अशोक म्हणाला नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवले आणि त्याच संसर्गाने १० मार्चला त्यांचा अंत झाला. सेवेची दीक्षा आपल्याला त्या माउलीने आपल्या जिवाने दिली आहे.

बाहेरही पाहा. तैवानमध्ये भिक्खुणी चेंग येन यांना कॅथलिक नन्सनी विचारले होते की तुमचे बौद्ध लोक शाळा-रुग्णालये का काढत नाहीत? त्या चिडल्या नाहीत. १९६६ साली त्यांनी त्झू ची ही संस्था काढली, सामान्य गृहिणींच्या रोजच्या चिल्लर बचतीतून. १९८६ साली त्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि आज जगभर त्यांचे स्वयंसेवक आहेत. टोमण्याला उत्तर कसे द्यावे, ते तिथून शिकावे. आपल्या पुण्यातही १९७९ पासून त्रैलोक्य बौद्ध महासंघाच्या लोकांनी आणि पुढे बहुजन हिताय संस्थेने वस्त्यांत आरोग्याचे, बालवाड्यांचे काम केले आहे. अशक्य काही नाही.

उलट बाजूही पाहा. बौद्धबहुल म्यानमारमधून लष्कराच्या छळाने पळालेली माणसे थायलंडच्या सीमेवर माए सोत गावी येतात. तिथे १९८९ पासून डॉ. सिंथिया माउंग यांचा दवाखाना आहे. त्या स्वतः त्याच देशातून पळून आलेल्या, करेन समाजातल्या, ख्रिस्ती. त्यांच्या दारात बौद्ध, ख्रिस्ती, मुसलमान सगळे उभे असतात. नावापुढे बौद्ध लिहिले म्हणून करुणा आपोआप येत नाही, हे म्यानमारच्या लष्कराने जगाला दाखवले आहे. आपण त्या रांगेत बसायचे नसेल तर काहीतरी करून दाखवावे लागेल.

दया पुरत नाही, हक्क मागा

इथे एक गल्लत होऊ नये. सेवा करा म्हणजे सरकारला मोकळे सोडा, असे आम्ही म्हणत नाही. कलम ४७ ने लोकांचे पोषण आणि सार्वजनिक आरोग्य ही राज्याची जबाबदारी ठरवली आहे.

२०१९ ते २०२२ या काळात झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या कुटुंबांना दरमहा कोरडा शिधा देऊन मोठा अभ्यास झाला. रोग्यासोबत राहणाऱ्या दहा हजारांवर माणसांची पाहणी झाली. ज्या कुटुंबांतल्या सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले, फुप्फुसाच्या क्षयाचे तर ४८ टक्क्यांनी. म्हणजे तांदूळ आणि डाळ ही क्षयाची लसच ठरली. आणि सरकार काय देते? २०१८ पासून रोग्याला महिना ५०० रुपये, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये. तेही बँक खाते असेल तर. आमच्या पाहण्यात असे कितीतरी रोगी आहेत ज्यांचे उपचार संपले तरी पैसे आले नाहीत. घरातल्या बाकीच्यांच्या ताटाचे काय? त्यासाठी 'निक्षय मित्र' शोधा, म्हणजे दाता शोधा. हक्काचे धान्य देण्याऐवजी दानशूराची टोपली. मार्च २०२४ मध्ये तर औषधांचाच तुटवडा झाला आणि राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगावे लागले. त्या दिवसांत कोणत्या मिशनऱ्याने गोळ्या अडवल्या होत्या?

कामगारांचा हक्क तर बाबासाहेबांनीच पेरलेला आहे. मजूरमंत्री असताना त्यांच्या खात्याने आरोग्य विम्याची जी तयारी केली, त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला विमित कामगार क्षयाने आजारी पडला तर त्याला पगाराच्या ८० टक्के भत्ता दीर्घकाळ, दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. वस्तीत हे किती जणांना माहीत आहे? अट अशी की सलग दोन वर्षे विमित नोकरी हवी. ठेकेदार दर अकरा महिन्यांनी नाव बदलतो, कार्डच काढत नाही, आणि कामगार खोकत खोकत गावी परत जातो. ईएसआयचे कार्ड मागणे हे क्षयाविरुद्धचे काम आहे. खाणीत आणि क्रशरवर पाण्याचा फवारा मागणे, खोलीला खिडकी मागणे, हेही क्षयाविरुद्धचेच काम आहे. मिशनरी हे करणार नाहीत. हे आपणच करू शकतो.

आणि ज्यांच्याकडे कागद नाही त्यांचे काय? भारताने १९५१ चा निर्वासितांचा करार स्वीकारलेला नाही, आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. 'बांगलादेशी' शोधण्याच्या मोहिमा निघतात तेव्हा बंगाली बोलणारा मजूर, मग तो मालद्याचा असो की मुर्शिदाबादचा, दवाखान्यात जायलाही घाबरतो. आधार कार्ड मागितले की परत फिरतो. ज्याला स्वतःच्या देशात गावकुसाबाहेर ठेवले होते, त्या समाजाने तरी माणसाचा कागद पाहून त्याचा खोकला ऐकू नये.

विहाराचे कुलूप काढा

१९५६ ते १९५९ या काळात मद्रासमध्ये एक प्रयोग झाला. गरीब वस्तीतल्या काही क्षयरोग्यांना रुग्णालयात ठेवले, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच औषध दिले. दोघेही जवळजवळ सारखेच बरे झाले. तेव्हापासून जगभर आरोग्यधामांची गरज संपत गेली. आपल्यासाठी याचा अर्थ मोठा आहे. क्षयाचे काम करायला रुग्णालय बांधावे लागत नाही, परदेशी देणगी लागत नाही. गोळी सरकार देते, तपासणी सरकार करते. लागतो तो फक्त सहा महिने सोबत राहणारा माणूस.

म्हणून नवी मुंबईतल्या प्रत्येक विहार समितीपुढे आम्ही हे ठेवतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्याला थुंकीच्या तपासणीला नेण्यासाठी प्रत्येक विहाराने दोन तरुण नेमावेत. रात्रपाळी करणाऱ्या कामगाराला सोयीच्या वेळी गोळी मिळावी म्हणून विहार रोज सकाळी व रात्री तासभर उघडा ठेवावा, आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्राशी बोलून तिथे औषध देण्याचे केंद्र मागावे. जयंतीच्या वर्गणीतला दहावा हिस्सा बाजूला काढून रोग्याच्या पूर्ण कुटुंबाला सहा महिने डाळ, तेल, अंडी द्यावीत. डीजेची एक भिंत कमी लागली तर बाबासाहेबांचा अपमान होत नाही. गावी जाणाऱ्या रोग्याची नोंद तिथल्या दवाखान्यात हलवली का, हे फोन करून पाहावे. प्रत्येक कामगार रोग्याच्या ईएसआयची चौकशी वकील मित्राने करावी. आणि रोगी कोणत्याही धर्माचा असो, वंदनेला बसण्याची अट कधीही घालू नये.

वस्तीत आधीपासून काम करणाऱ्या नन्स किंवा पास्टर असतील तर त्यांच्याकडे जा, ओळख करून घ्या, रोग्यांची घरे वाटून घ्या. त्यांच्याकडे अनुभव आहे, आपल्याकडे माणसे आहेत. त्यांची नोंदवही कशी असते, गळणाऱ्या रोग्याला ते कसे परत आणतात, ते शिकून घ्या. आणि त्यांना हाकलायला कोणी आला तर सर्वांत आधी आपण दारात उभे राहायचे.

तुमच्या वस्तीत कोणाच्या खोकल्याला पंधरा दिवस झाले आहेत, हे आज रात्रीपर्यंत शोधा. मेसेज पुढे पाठवायला लागतो त्याहून थोडाच जास्त वेळ लागेल.

जयभीम!